अभावाला एक उपसर्ग पुरत नाही

एखादी गोष्ट नाही, हे शब्दाच्या घडणीतूनच सांगण्याची सोय प्रत्येक भाषेला करावी लागते. लुडविक झामेनहॉफ यांनी १८८७ मध्ये वॉर्सात प्रसिद्ध केलेल्या एस्परांटो या कृत्रिम भाषेने ही सोय तीन उपसर्गांत उरकली. ‘सेन-’ म्हणजे ती वस्तू नसलेला : ‘आक्वो’ पाणी, ‘सेनाक्वा’ बिनपाण्याचा. ‘ने-’ म्हणजे साधा नकार : ‘विदेब्ला’ दिसणारा, ‘नेविदेब्ला’ न दिसणारा. ‘माल-’ म्हणजे थेट उलट : ‘बोना’ चांगला, ‘मालबोना’ वाईट, ‘रिचा’ श्रीमंत, ‘मालरिचा’ गरीब. एक शब्द शिकला की त्याची दुसरी बाजू फुकट मिळते आणि शिकणाऱ्याचे पाठांतर बरेच वाचते.

या काटकसरीवरून एक मत तयार होते आणि ते मराठीलाही लावले जाते. मराठीत अ-, अन-, नि-, निर्-, बिन-, विना-, बे-, ना-, गैर- अशी उपसर्गांची गर्दी आहे. शब्दाच्या शेवटी -हीन, -शून्य, -रहित, -मुक्त आहेतच. सांगायचे एकच, की अमुक नाही. मग त्यासाठी डझनभर अवजारे कशाला? फारसी-अरबीतून आलेले बे-, ना-, गैर- काढून टाकावेत, संस्कृतातले एकदोन ठेवावेत, म्हणजे भाषा शुद्ध होईल, शब्द बघताक्षणी कळतील आणि राज्यकारभाराची परिभाषा नेमकी होईल, असे हे मत. शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशापासून सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीपर्यंत आणि १९६० मध्ये स्थापन झालेल्या राज्याच्या भाषा संचालनालयापर्यंत परिभाषा घडवण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांच्या आधाराने हे मत वाढले. त्या प्रयत्नांनी मराठीला पुष्कळ चांगले शब्द दिले. प्रश्न त्यांचा नाही. प्रश्न या मताखाली धरलेल्या तीन गृहीतकांचा आहे. पहिले, अभाव एकच प्रकारचा असतो. दुसरे, तो सांगण्याची जागा म्हणजे उपसर्ग. तिसरे, एका उपसर्गाच्या जागी दुसरा बसवला तर अर्थाचे काही सांडत नाही. ही तिन्ही गृहीतके चुकीची आहेत. ती तपासायला बुलढाणा जिल्हा सोयीचा आहे, कारण काय आहे आणि काय नाही याचा हिशेब तिथे रोज करावा लागतो.

सुरुवात एस्परांटोपासूनच करता येते. तिथेही उपसर्ग एक नाही, तीन आहेत. म्हणजे वस्तू नसणे, गुण नसणे आणि गुणाच्या उलट असणे या वेगळ्या गोष्टी आहेत हे झामेनहॉफ यांना ठाऊक होते. ‘माल-’ कुठून सुरू करायचा, हा त्यापुढचा प्रश्न. ‘सेका’ म्हणजे कोरडा आणि ओला म्हणजे ‘मालसेका’, अ-कोरडा. ‘साता’ म्हणजे पोट भरलेला आणि भुकेला म्हणजे ‘मालसाता’. कोरडेपणा मूळ आणि ओल त्याचा नकार, भूक मात्र तृप्तीचा नकार, असे नियम सांगत नाही. शब्द घडवणाऱ्याने दोहोंपैकी एक बाजू मूळ धरली, इतकेच. बुलढाण्यातल्या लोणारच्या शेतकऱ्याने भाषा घडवली असती तर ओलीला मूळ धातू मिळाला असता.

शिवाय नियम लावता येत असूनही एस्परांटोने तो सगळीकडे लावलेला नाही. आंधळ्याला ‘डोळे-विना’ असा शब्द नाही, ‘ब्लिंदा’ हा स्वतंत्र धातू आहे. बहिरा ‘सुर्दा’, मुका ‘मुता’, टकला ‘काल्वा’, उघडा ‘नुदा’ आणि पोरका ‘ओर्फो’. केस नसणे, कपडे नसणे, आईबाप नसणे हे सगळे ‘सेन-’ लावून सांगता आले असते. तरीही माणसाच्या जगण्यात ज्या अभावांना स्वतःचा चेहरा असतो त्यांना रचलेल्या भाषेनेही स्वतंत्र शब्द दिले. पुढे एस्परांटोच्या कवींना ‘माल-’ची रांग कंटाळवाणी वाटली आणि त्यांनी ‘ओल्दा’, ‘कुर्ता’, ‘त्रिस्ता’ असे म्हातारा, आखूड आणि उदास यांसाठी नवे धातू आणले. १९०७ मध्ये एस्परांटोतून फुटून निघालेल्या इदो भाषेने तर ‘माल-’ काढूनच टाकला. उलट अर्थासाठी ‘देस-’ ठेवला आणि लहान, म्हातारा, वाईट यांसाठी वेगळे शब्द केले. म्हणजे ज्या भाषेचा दाखला देऊन मराठीची गर्दी कमी करायला सांगितले जाते, ती भाषा वापरात आल्यावर स्वतःच गर्दीकडे सरकली.

अभाव एकच असतो, हे गृहीतक भारतीय व्याकरणाने आणि न्यायशास्त्राने फार पूर्वी मोडून काढले आहे. पाणिनीच्या व्याकरणातल्या ‘नञ्’चे, म्हणजे ज्याचे व्यंजनापुढे अ- आणि स्वरापुढे अन्- होते त्या नकाराचे, परंपरेने सहा अर्थ मोजले आहेत : सारखेपणा, अभाव, वेगळेपणा, अल्पता, अप्रशस्तता आणि विरोध. ‘अनश्व’ म्हणजे घोड्याची उणीव नव्हे, घोड्याहून वेगळे जनावर. ‘अधर्म’ म्हणजे धर्म नसण्यापुरते नाही, धर्माच्या विरुद्ध वागणे. ‘अनुदरा’ ही पोट नसलेली मुलगी नसते, बारीक कमरेची असते. सगळ्यात नियमित मानल्या जाणाऱ्या उपसर्गाच्या पोटात सहा वेगवेगळ्या गोष्टी बसल्या आहेत, आणि कुठे कोणती घ्यायची ते नियम सांगत नाही, वापर सांगतो.

न्यायशास्त्राने याच्या पुढे जाऊन अभावाचीच वर्गवारी केली. नव्यन्यायाची परिभाषा हीसुद्धा एका अर्थी रचलेली भाषा. वादात शब्दाला फाटे फुटू नयेत म्हणून ती बांधली. तिथे ‘अभाव’ असे नुसते म्हणता येत नाही. कशाचा अभाव, तो त्याचा प्रतियोगी. कुठे अभाव, ते त्याचे अधिकरण. दोन्ही सांगितल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. आणि काळाच्या हिशेबाने अभाव वेगळा पडतो : वस्तू अजून झालेली नसते तेव्हा प्रागभाव, झाली आणि नष्ट झाली तेव्हा प्रध्वंसाभाव, कधीच नव्हती आणि होणार नाही तेव्हा अत्यंताभाव, एक वस्तू म्हणजे दुसरी नव्हे, हा अन्योन्याभाव.

हे पंडिती वाटेल, पण गोठ्यात हाच भेद बिनबोभाट पाळला जातो. दूध न देणारी गाय म्हणजे काय? कालवड अजून व्यायली नाही, म्हणून दूध नाही. भाकड गाय दूध देत होती, आता आटली आहे, पुढे पुन्हा देईल. वांझ गाय कधीच देणार नाही. एस्परांटोच्या नियमाने तिघींनाही ‘दूध-विना’ असा एकच शब्द लागू होईल. बाजारात मात्र तिघींची किंमत वेगळी, चारा घालण्याचा निर्णय वेगळा आणि विकण्याचा तर वेगळाच. दुधाचा अभाव तिन्हीकडे आहे. काळ वेगळा आहे. मराठीने तो काळ उपसर्गात न ठेवता शब्दातच ठेवला.

जमिनीचेही असेच आहे. पीक न येणारी जमीन एकच नसते. बरड जमिनीत माती उथळ आणि मुरमाड. पडीक जमीन पिकण्यासारखी असते पण कसलेली नसते, आणि तिच्यातही ‘चालू पड’ वेगळी, ‘कायम पड’ वेगळी. सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ नावाचे क्षेत्र असते : शेत पिकते, पण त्याच्या पोटातला नाल्याचा, रस्त्याचा किंवा खडकाचा तुकडा लागवडीला येत नाही. अकृषिक जमीन तर उत्तम पिकत असू शकते. कायद्याने तिचा वापर बदललेला असतो. आणि नापीक ही यांतली फक्त एक. ‘नापीक’ हा पारदर्शक शब्द आहे म्हणून बाकीचे टाकून दिले, तर तलाठ्याची नोंदवही एका दिवसात निरुपयोगी होईल.

पाण्याच्या बाबतीत उपसर्गाची मर्यादा आणखी उघडी पडते. बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचे आणि घाटाखालचे असे दोन भाग बोलण्यात सरसकट केले जातात. घाटाखाली पूर्णेच्या गाळाच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तो बुलढाण्यातून अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत पसरतो. या पट्ट्यात विहीर खोदली तर पाणी लागते. ते खारे असते, पिण्याच्या कामाचे नसते, आणि पिकाला सतत दिले तर काळी जमीन बिघडते. अशा गावाला ‘निर्जल’ म्हणता येत नाही, ‘सेनाक्वा’ म्हणता येत नाही, ‘जलशून्य’ही म्हणता येत नाही, कारण पाणी आहे. ‘जलयुक्त’ म्हणणे तर थट्टा होईल. लोकांनी इथे अभावाचा शब्द घडवलाच नाही. त्यांनी जे आहे त्याचे नाव घेतले, खारपाण, आणि त्या नावातच जे नाही ते सांगून टाकले. शेजारच्या पट्ट्यातल्या पाण्याला ते ‘गोडं पाणी’ म्हणतात. त्यात साखर नसते, खारेपणा नसतो. एका अभावाचे नाव होकारात आणि दुसऱ्या अभावाचे नावही होकारात, आणि तरी ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही.

घाटावर लोणारला याचे सगळ्यात ठळक रूप दिसते. उल्कापाताने बेसॉल्ट खडकात झालेल्या या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, आणि त्याच्या तळाशी बारमाही सरोवर. पाणी खारे आणि अल्कधर्मी. काठाजवळ गोमुखातून पडणारी गोड्या पाण्याची धार आहे, म्हणूनच तिथे शतकानुशतके वस्ती आणि देवळे झाली. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला तेव्हा त्या यादीत बुलढाणा आणि लोणार हे तालुके होते. जगभरातून लोक जे सरोवर बघायला येतात, त्याच्याच तालुक्यात दुष्काळ. यात विसंगती नाही. अभाव पाण्याचा नव्हता, विशिष्ट कामाच्या पाण्याचा होता. न्यायशास्त्राच्या भाषेत प्रतियोगी चुकला की वाक्य चुकते. आणि उपसर्ग तर समोर जो शब्द असेल त्यालाच प्रतियोगी करून टाकतो.

दुसरे गृहीतक असे, की अभाव सांगण्याची स्वाभाविक जागा उपसर्गच. मराठीत ते टिकत नाही. मराठीकडे अभावाचे स्वतंत्र क्रियापद आहे, नसणे. त्याच्याभोवती नाही, नव्हे, नव्हता, नको, नये असे सगळे घराणे आहे. त्यातले एकही दुसऱ्याच्या जागी चालत नाही : ‘पाणी नाही’ ही स्थिती, ‘हे पाणी नव्हे’ ही ओळख, ‘पाणी नको’ ही इच्छा, ‘पाणी पिऊ नये’ ही मनाई. याच क्रियापदातून आलेली ‘नसती उठाठेव’ तर भरपूर असते. नको असते, इतकेच. ‘नको’पासून ‘नकोशी’ हे नाव झाले आणि ते मुलींना ठेवले गेले. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये अशा मुलींची नावे बदलण्याचा जाहीर समारंभ करावा लागला. त्या नावात अभाव मुलीचा नाही, मुलीच्या स्वागताचा आहे. हा अर्थ कोणत्याही नकारार्थी उपसर्गातून निघत नाही.

याशिवाय मराठी अभाव कानाने ओळखते. रिकाम्या भांड्यात पळी आपटली की खडखडाट होतो, रिकाम्या घागरीवर टिचकी मारली की ठणठण वाजते, म्हणून तिजोरीत खडखडाट असतो आणि खिशात ठणठणाट. माणसे नसलेल्या गल्लीत शुकशुकाट असतो. धान्य नाही, पैसा नाही, माणूस नाही, हे तिन्ही सांगताना ‘नाही’चा एक कण या शब्दांत नाही, भांडे रिते असल्याचा आवाजच शब्द झाला. नियमित शब्दसिद्धीच्या तक्त्यात या शब्दांना खण नाही, आणि रोजच्या बोलण्यात यांच्यावाचून पान हलत नाही.

तिसरे गृहीतक अदलाबदलीचे. बे-, ना-, गैर-, बिन- हे एकाच अर्थाचे परके नि देशी पर्याय आहेत असे मानले तर त्यांची आपापसांतली कामाची वाटणी दिसेनाशी होते. वाटणी पुष्कळशी पक्की आहे. बे- लागतो तिथे जे असायलाच हवे होते ते नसते आणि त्याची तक्रार असते : बेचव, बेसूर, बेताल, बेशिस्त, बेजबाबदार, बेवारस. ‘बेजोड’ कौतुकाचा आहे, पण तिथेही जोड सापडेल ही अपेक्षाच मोडलेली असते. बिन- लागतो तिथे बहुतेक वेळा सोबतची एक गोष्ट वजा केलेली असते, ठपका नसतो : बिनव्याजी कर्ज, बिनपगारी रजा, बिनविरोध निवड. टपरीवर बिनसाखरेचा चहा मागून घेतात. बेचव चहा कोणी मागत नाही. ना- मध्ये नकार किंवा कसोटीला न उतरणे असते : नामंजूर, नापसंत, नालायक, नापास. गैर- मध्ये तर गोष्ट असते, फक्त आपल्या जागेवर किंवा रीतीत नसते : गैरवर्तन हे वर्तनच असते, गैरवापर हा वापरच असतो, आणि गैरहजर माणूस कुठेतरी हजर असतोच. ‘समज’ या एकाच शब्दावर ही वाटणी बघता येते. नासमज पोराला समज नसते. गैरसमज झालेल्या माणसाला समज असते, ती चुकीची असते. दोघांसाठी एकच संस्कृत उपसर्ग ठेवायचा तर कोणाला लावायचा, याचे उत्तर शुद्धिवादाकडे नाही.

हे उपसर्ग परके राहिलेले नाहीत, हेही लक्षात घ्यावे लागते. बेचवमध्ये चव मराठी आहे, बेसूर आणि बेतालमध्ये सूर आणि ताल आपले आहेत, गैरसोयीतली सोय आणि गैरवर्तनातले वर्तन इथलेच. उलट बाजूने ‘निर्धास्त’मध्ये निर्- संस्कृत आणि धास्त फारसीतून आलेली. ‘नापास’मध्ये फारसी ना- आणि इंग्रजी पास यांचा संसार मराठी शाळेत सुखाने चालला आहे. ज्या उपसर्गाला भाषा नवनवे शब्द जोडत राहते, तो त्या भाषेचाच झालेला असतो. त्याचे कूळ शोधून त्याला बाहेर काढणे म्हणजे घरजावयाची कुंडली मागण्यासारखे आहे.

संस्कृत उपसर्ग तरी पारदर्शक असतात, हा दावाही तपासून घेतलेला बरा. ‘अनुदान’ आणि ‘अनुदार’ यांची सुरुवात सारखी. पहिल्यात अनु- आहे, नकार नाही. दुसऱ्यात अन्- आहे, नकार आहे. ‘अनुपस्थित’, ‘अनुपलब्ध’, ‘अनुत्तीर्ण’ यांत नकार कुठे संपतो आणि मूळ शब्द कुठे सुरू होतो, हे संधी सोडवल्याशिवाय कळत नाही. ‘विफल’मधला वि- फळ नसल्याचे सांगतो, ‘विज्ञान’मधला ज्ञान नसल्याचे सांगत नाही. ‘निर्जन’मधला निर्- माणसे काढून घेतो, ‘निर्माण’मधला काहीच काढून घेत नाही. दुसरीतल्या मुलाला ‘नापास’ विचारला तर तो फोड करून दाखवील; ‘अनुत्तीर्ण’ची फोड त्याच्या मास्तरांनाही क्षणभर थांबवील.

जुन्या शब्दांनी तर खुद्द पंडितांनाही चकवले आहे. ‘विधवा’ म्हणजे धव, म्हणजे नवरा, नसलेली, अशी फोड सर्वत्र सांगितली जाते. वस्तुतः हा शब्द लॅटिन ‘विदुआ’चा सख्खा भाऊ, त्यात वि- हा उपसर्ग मुळात नव्हता. उपसर्ग आहे असे मागाहून वाटले आणि त्या समजुतीतून ‘धव’ आणि ‘सधवा’ हे शब्द तयार झाले. ‘असुर’चेही तसेच : इराणी ‘अहुर’शी नाते सांगणाऱ्या या शब्दात नकार नव्हता, तो वाचला गेला आणि त्यातून ‘सुर’ निघाले. अभावाचा उपसर्ग जिथे नाही तिथेही माणसे तो बघतात, मग त्याच्यावर नवे शब्द उभे करतात. शब्दसिद्धी ही यंत्राची गोष्ट असती तर असे झाले नसते.

एवढे सगळे भाषेच्या स्वभावाबद्दल. या मताचा खरा परिणाम दिसतो तो सरकारी कागदावर. तिथली मराठी बऱ्याच अंशी ठरवून घडवलेली आहे. १९६२ मध्ये पदनाम कोश निघाला आणि त्यानंतर परिभाषेची कामे होत गेली. या मराठीत अभावाचे शब्द नियमाने घडतात आणि नेमके वाटतात. त्यांतले तीन जवळून बघण्यासारखे आहेत.

पहिला ‘निरंक’. तालुक्यातून जिल्ह्याला उन्हाळ्यात टंचाईचा साप्ताहिक अहवाल जातो. टँकर चालू नसेल तिथे रकान्यात ‘निरंक’ लिहितात. शब्दाची घडण निर्दोष : निर् अधिक अंक, आकडा नाही. पण एखाद्या गावाला टँकर नसण्याची कारणे अनेक असतात. गावात पाणी भरपूर असेल. खासगी विहीर अधिग्रहित केली असेल. प्रस्ताव पंचायत समितीत पडून असेल. टँकर मंजूर असेल पण रस्त्याने येत नसेल. चारही गावांपुढे शब्द एकच. तो टँकरबद्दल बोलत नाही, पाण्याबद्दल तर नाहीच. तो फक्त आकड्याबद्दल बोलतो. प्रतियोगी पाण्यावरून अंकावर गेला आणि कोणाच्या लक्षातही आले नाही.

दुसरा -मुक्त हा प्रत्यय. मुक्त होण्यासाठी आधी बंधन लागते, म्हणून करमुक्त, कर्जमुक्त हे शब्द सरळ आहेत. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, हागणदारीमुक्त गावे जाहीर झाली. तिथेही जे गेले ते जाण्यासारखेच होते. पण ‘टँकरमुक्त’ गावातून काय जाते? टँकर. तो दुखणे नव्हता, औषध होता. टँकर बंद झाला म्हणजे पाणी आले असे होत नाही. कधी पाणी येऊन टँकर जातो, कधी नुसताच टँकर जातो, आणि शब्द दोन्हीकडे तोच. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले तेव्हा ‘टंचाईमुक्त महाराष्ट्र २०१९’ हे घोषवाक्य होते. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी, ते साल उजाडायला दोन महिने असताना, १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. शिवारात झालेली बांधबंदिस्तीची कामे खोटी नव्हती. खोटी होती ती प्रत्ययाने दिलेली खात्री, की अभाव हा बेडीसारखा असतो आणि एकदा तोडला की तुटतो. पावसाचा अभाव तसा नसतो. तो दर जूनमध्ये नव्याने ठरतो.

तिसरा शब्द म्हणजे खुद्द दुष्काळ. दुस् अधिक काल, वाईट काळ. यात कशाचाही अभाव घडणीने सांगितलेला नाही. अवर्षण, नापिकी, चाराटंचाई, मजुरी नसणे हे सगळे त्या एका वाईट काळात राहतात. १९६३ मध्ये महाराष्ट्राने एक अनोखा कायदा केला : राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ ही संज्ञाच वगळली आणि तिच्या जागी ‘स्केअर्सिटी’, म्हणजे टंचाई, घातली. आता तशी वेळ येऊच शकत नाही, तर तो शब्द कशाला, असा त्यामागचा विचार. नऊ वर्षांनी १९७२ चा दुष्काळ आला, आणि मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. कायद्यात नसलेला शब्द रस्त्यावर खडी फोडत होता.

पुढे ‘टंचाई’लाही धार आली म्हणून ‘-सदृश’ जोडले गेले. पीक सोळा आण्यांचे धरून आणेवारी काढायची जुनी पद्धत आता पैसेवारी झाली आहे. ५० पैशांच्या खाली पैसेवारी गेली की गाव टंचाईच्या हिशेबात येते. असा आकडा हातात असताना ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ हा शब्द रूढ झाला. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दुष्काळाचे प्रकरण चालू असताना राज्य सरकारला सुमारे २९ हजार गावांसाठी ‘दुष्काळसदृश’ऐवजी ‘दुष्काळ’ म्हणण्याची भूमिका घ्यावी लागली. २०२३ मध्ये ४० तालुक्यांच्या यादीनंतर १,०२१ महसूल मंडळांत पुन्हा ‘दुष्काळसदृश’ परिस्थिती जाहीर झाली. नञ्चा पहिला अर्थ सारखेपणा असल्याचे वर आलेच आहे : जे त्याच्यासारखे आहे पण ते नाही. व्याकरणात तो एक अर्थ आहे; जाहीरनाम्यात त्याने हक्काची सीमा ठरते.

यावर एक आक्षेप येणे साहजिक आहे. हे दोष वापरणाऱ्यांचे आहेत, शब्दघडणीचे नाहीत. नियमित उपसर्गाला सरकारी लपवाछपवीसाठी जबाबदार कसे धरायचे? आक्षेपात अर्धे तथ्य आहे. लपवायचेच असेल तर कोणताही शब्द पुरतो. पण शब्द निवडताना घडणीची नियमितता हीच नेमकेपणाची खूण मानली, की तो कशाचा अभाव सांगतो हे विचारायचे राहून जाते. ‘निरंक’ आणि ‘टँकरमुक्त’ यांची घडण बिनचूक आहे म्हणूनच ते तपासले जात नाहीत. ‘इहीर आटली’ या वऱ्हाडी वाक्यात असली सोय नाही. काय आटले, कुठे आणि कधीपासून, हे ऐकणारा लगेच विचारतो.

दुसरा आक्षेप शिकणाऱ्याच्या बाजूने येतो आणि तो अधिक वजनदार आहे. इतके उपसर्ग, त्यांच्या इतक्या छटा, शिवाय भाकड, पडीक, पोटखराबा यांसारखे वेगळे शब्द : नव्याने मराठी शिकणाऱ्याने हे कधी आत्मसात करायचे? इथे एस्परांटोची बाजू खरी आहे. एकमेकांची भाषा न जाणणाऱ्या परक्यांनी भेटावे, यासाठी ती भाषा बांधली गेली. तिथे थोडा अर्थ सांडला तरी भेट घडते, आणि तो सौदा फायद्याचाच. विज्ञानालाही नियमित नकार लागतो : निर्जंतुक, असममित, अविद्राव्य हे शब्द एकाच अर्थाला बांधलेले असावेत हेच बरे, कारण तिथे प्रतियोगी व्याख्येने आधीच ठरलेला असतो. कायद्यातही ‘शून्य’ करार आणि ‘शून्यकरणीय’ करार असा भेद परिभाषेनेच सांभाळता येतो. जिथे कशाचा अभाव हे आधी ठरले आहे तिथे नियमित घडण उपयोगी. जिथे तेच ठरवायचे आहे तिथे ती घातक. राज्याचा आपल्याच शेतकऱ्याशी होणारा व्यवहार या दुसऱ्या प्रकारचा आहे. ते दोघे परके नाहीत, आणि शेतकऱ्याकडे तयार शब्द आहेत.

म्हणून मराठीतल्या उपसर्गांची गर्दी ही अव्यवस्था नव्हे. बे- तक्रार नोंदवतो, बिन- वजाबाकी करतो, ना- नाकारतो, गैर- जागा चुकल्याचे सांगतो; आणि जिथे अभाव रोजच्या जगण्याचा असतो तिथे भाषा उपसर्ग सोडून पूर्ण शब्द देते. परिभाषा घडवणाऱ्याने नवा शब्द करताना तो संस्कृत आहे की फारसी, नियमित आहे की अनियमित, हे दुय्यम धरावे. आधी तीन गोष्टी विचाराव्यात : काय नाही, कुठे नाही, आणि आधी होते का. उत्तर शब्दात राहत असेल तर शब्द नेमका.

खारपाणपट्ट्यातले वाक्य या कसोटीला पुरे उतरते. तिथे कोणी नुसते ‘पाणी नाही’ म्हणत नाही, कारण विहिरीत पाणी दिसत असते. तिथे म्हणतात, ‘प्याले पाणी नाई’. नकार वाक्याच्या शेवटी येतो, आणि त्याच्या आधी पाणी कशासाठी नाही ते सांगून झालेले असते.